प्रेसमध्ये दोन बोटं गेली, कंपनी ६० हजार देऊन सही मागतेय. घ्यायचे का?

खेडतालुका:
नमस्कार मंडळी. जरा अर्जंट आहे. माझा मेव्हणा, वय २८, चाकण एमआयडीसीत एका छोट्या व्हेंडरकडे पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून पार्ट काढायचं मशीन) ऑपरेटर होता, कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर. ऑगस्ट २०२५ मध्ये सेकंड शिफ्टला पीस काढताना प्रेस डबल पडली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. ऑपरेशन, ड्रेसिंग वगैरे खर्च कंपनीने केला, ते नाकारत नाही. दोन महिने घरी होता तेव्हा पगाराच्या नावाने मधूनमधून पाच-सात हजार आले, ते कशाचे कुणी सांगितलं नाही. आता परत कामावर घ्यायचं तर हेल्पर म्हणून घेऊ म्हणतायत आणि ६० हजाराचा चेक समोर ठेवलाय, सोबत १०० च्या बाँडवर लिहिलंय की माझी कंपनीविरुद्ध कसलीही तक्रार नाही आणि पुढे काही मागणार नाही. हातात यायचा पगार १७,८०० होता. त्याची बायको म्हणते घेऊन टाका, घरात हप्ते थकलेत. सासरे म्हणतात थांबा. मला यातलं ओ की ठो कळत नाही. बोटाचे पैसे असे ठरतात तरी कसे? काही रेट असतो का?

प्रेसशॉपवाला:
सही करू नका. बाकी सगळं नंतर.

मी वीस-बावीस वर्ष प्रेसशॉपमध्येच काढली, शेवटी सुपरवायझर होतो, त्यामुळे हा बाँडपेपर कुठून येतो ते माहितीये. आधी दोन गोष्टी बघा. एक, दवाखान्यात पहिल्या दिवशी केस पेपरवर काय लिहिलंय. बऱ्याच ठिकाणी सोबत गेलेला माणूस सांगतो की घरी दरवाज्यात बोट अडकलं, गाडीच्या चेनमध्ये गेलं, आणि पेशंट बिचारा भुलीत असतो, डॉक्टर लिहून मोकळा. तसं काही लिहिलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. दोन, प्रेसला टू-हँड बटन, म्हणजे दोन्ही हातांनी दाबायचं, होतं का पायाचं पेडल, सेन्सर चालू होता का, हात आत जाऊ नये म्हणून लावतात तो गार्ड होता का. कारण कंपनीचं पहिलं वाक्य हेच असतं की त्यानेच गार्ड काढला. अहो गार्ड लावून तासाला जेवढे पीस मागतात तेवढे निघतच नाहीत, हे सगळ्या लाईनला माहीत असतं, गार्ड कोपऱ्यात उभा करून ठेवलेला असतो आणि कोणी ऑडिटला आलं की लावतात. त्याच शिफ्टच्या एखाद्या मुलाने फोटो काढला असेल तर मागून घ्या, आत्ता देईल, सहा महिन्यांनी देणार नाही.

एचआरवाला_भोसरी:
मी दुसरी बाजू मांडतो, शिव्या पडतील तरी चालेल. छोट्या व्हेंडरकडे खरंच पैसे नसतात. कोर्टात तारखा पडत राहतात, वकील फी घेतो, आणि तोपर्यंत माणसाची नोकरीही जाते. ६० हजार कमी आहेत हे मान्य पण बसून बोललात तर लाख-सव्वा लाखापर्यंत जाईल आणि परमनंट करून घ्या असं लेखी मागा. प्रॅक्टिकल व्हा. आणि ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असेल तर कंपनीवर तसाही क्लेम होत नाही हेही लक्षात घ्या.

वकीलताई:
एचआर भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, त्यावर येतेच, पण आधी ६० हजार कमी आहेत म्हणजे नक्की किती कमी ते तरी मांडूया, नाहीतर लाख-सव्वा लाख ऐकून यांना वाटेल लॉटरी लागली.

खेडतालुका दादा, तुम्ही विचारलंत रेट असतो का. असतो, छापलेला असतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, जुनी माणसं अजून वर्कमन कॉम्पेन्सेशनच म्हणतात. त्याच्या पहिल्या परिशिष्टात कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं त्याची यादीच आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३०. अंगठ्याजवळचं बोट पूर्ण गेलं तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, नुसतं टोक उडालं आणि हाड शाबूत असेल तर ५. मधल्या बोटाचे आकडे त्याच क्रमाने १२, ९, ७ आणि ४. करंगळी आणि तिच्या शेजारचं स्वस्त, पूर्ण गेलं तरी ७. उजवा हात की डावा याला यादीत काही फरक नाही, डावखुऱ्याचं डावं गेलं तरी तेच.

म्हणजे तुमच्या मेव्हण्याचे ११ अधिक ७, झाले १८ टक्के. एकाच अपघातातल्या इजांची बेरीज होते, फक्त पूर्ण अपंगत्वाच्या रकमेच्या वर जात नाही.

आता १८ टक्के कशाचे? तर तो पूर्ण कायमचा अपंग झाला असता तर जे मिळालं असतं त्याचे. ते असं काढतात: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे एक आकडा. पगार कितीही असो, हिशोबाला १५ हजाराच्या वर धरत नाहीत, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी तर ८ हजारच होती. वयाचा आकडा चौथ्या परिशिष्टात. २८ पूर्ण असतील तर २११.७९. माणूस जितका तरुण तितका आकडा मोठा, ४० ला १८४.१७ आणि ५० ला १५३.०९ होतो. अपघाताच्या दिवशी पूर्ण झालेलं वय धरायचं, आत्ताचं नाही, तेवढं शाळेच्या दाखल्यावर तपासा.

१५ हजाराचे ६० टक्के ९ हजार. गुणिले २११.७९ म्हणजे १९,०६,११०. त्याचे १८ टक्के म्हणजे ३,४३,०९९ रुपये ८० पैसे. तीन लाख त्रेचाळीस हजार. हा कोर्टात भांडून वाढवून मिळवलेला आकडा नाहीये, कंपनीने स्वतःहून महिन्याभरात द्यायला पाहिजे होता तो आहे. नाही दिला तर वर साधं १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला अजून एक्केचाळीस हजार, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो. आणि घरी बसला होता त्या दोन महिन्यांचे वेगळे, दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, सोप्या भाषेत अर्धा पगार. औषधपाण्याचा खर्च कंपनीने केला तो उपकार नाही, तोही कायद्यातच आहे.

बाँडपेपरचं म्हणाल तर कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देतो असं लिहून घेतलेला करार सरळ रद्दबातल असतो. आपसात ठरवायचं तर करार याच कायद्याखालच्या भरपाई कमिशनरकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम फारच कमी वाटली तर ते नोंदवायला नकार देऊ शकतात. नोंदवला नाही तर मालक उरलेल्या पूर्ण रकमेला बांधील राहतोच. तरी सही करू नका, कारण एकदा सही झाली की ती कशी घेतली ते सिद्ध करण्यात तुमचं वर्ष जाईल.

गार्डबद्दल प्रेसशॉपवाल्यांनी बरोबर पकडलंय. मरण किंवा पूर्ण अपंगत्व असेल तर कंपनीला ती सबब चालत नाही, पण अर्धवट अपंगत्वात चालू शकते. मात्र कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला हे कंपनीला दाखवावं लागतं. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. महिनोन्‌महिने सगळी लाईन गार्डशिवाय चालत होती आणि सुपरवायझर बघत होता तर जाणूनबुजून कुणी केलं, कळतंय ना.

सोशलमीडियावरचा:
ताई, सुप्रीम कोर्टाने एका सुताराला हात गेला म्हणून १०० टक्के दिले होते ना? मग प्रेस ऑपरेटरला पण १०० टक्के मागा की. तो आता प्रेस चालवूच शकत नाही.

वकीलताई:
ती प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता ही केस, निकाल १९७६ च्या रिपोर्टमध्ये छापलेला आहे. त्या माणसाचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता आणि एका हाताने सुतारकाम होतच नाही म्हणून कोर्टाने पूर्ण अपंगत्व मानलं. शरीर किती गेलं ते बघू नका, त्याचं काम किती गेलं ते बघा, हा मुद्दा तिथूनच पक्का झाला. पण दोन बोटांच्या पेरांवर कुठलंच कोर्ट १०० देणार नाही, उगाच अर्जात असं काही लिहिलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वास पण उडतो. मागायचं असेल तर हे मागा: उरलेली बोटं वळतात का? प्रेसच्या अपघातात बऱ्याचदा शेजारचं बोट ताठ होतं, मूठ बंद होत नाही. तसं असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरकडून कमाईची ताकद किती टक्के गेली असं स्पष्ट लिहून घ्यायचं आणि डॉक्टर साक्षीला येतील का ते आधी विचारायचं. एखादं बोट जागेवर आहे पण कायमचं पूर्ण निकामी झालंय तर कायदा ते गेलंच असं धरतो.

आणि एक, सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला आणि हे टक्के वेगळे. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, समजा ९ टक्के आले म्हणून घाबरू नका, ते शरीराचं माप असतं, कमाईचं नाही. कंपनीचा वकील तोच कागद पहिला फडकवतो.

पंचदीप_निवृत्त:
सगळ्यांनी छान सांगितलं पण मूळ प्रश्नच कुणी विचारला नाही. पोराचा ईएसआय आहे का नाही? मी आयुष्यभर याच खात्यात टेबलावर बसलो म्हणून सांगतो, ९० टक्के गोंधळ इथे होतो. पगार २१ हजाराच्या आत आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर तो ईएसआयमध्ये यायलाच पाहिजे, कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी. आणि तो ईएसआयमध्ये असेल तर ताईंचा तीन लाख त्रेचाळीस हजाराचा हिशोब बाजूला ठेवायचा, कारण ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे एकाच इजेचे दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. कंपनीकडून नुकसानभरपाई नाही, ईएसआय महामंडळाकडून आयुष्यभर पेन्शन.

टक्क्यांची यादी तीच, १८ म्हणजे १८. फरक हिशोबात. रोजच्या सरासरी पगाराचे ९० टक्के, त्याचे १८ टक्के, दर महिन्याला, मरेपर्यंत. १७,८०० ला ढोबळ रोजचे ५९३ धरा, ९० टक्के ५३४, त्याचे १८ टक्के ९६ रुपये रोज, महिन्याला २,८८० च्या आसपास. ऐकायला फुटकळ वाटतं, मला माहितीये, माणसं काऊंटरवर तोंड वाकडं करतात. पण पोरगा २८ चा आहे. दहा वर्षात साडेतीन लाखाच्या जवळ जातो आणि पुढे चालूच, वर महागाई बघून मधूनमधून वाढतं. दुसरीकडे कुठेही नोकरी लागली, पगार दुप्पट झाला तरी बंद होत नाही. घरी बसला होता तेव्हाचे सुद्धा ९० टक्के मिळतात, तिकडच्यासारखे निम्मे नाही. आणि ज्या काळात हा घरी बसल्याचा भत्ता चालू असतो त्या काळात मालकाला कामावरून काढता येत नाही, कलम ७३.

तेव्हा आधी नंबर शोधा. एसएमएस आला असेल, कार्ड असेल, पगाराच्या स्लिपवर पाऊण टक्का कट होत असेल.

खेडतालुका:
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. काल मेव्हण्याकडे जाऊन आलो. स्लिप कधी मिळालीच नाही, पगार निम्मा बँकेत आणि निम्मा हातात. पीएफ मात्र कटतो, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर मागच्या वर्षीच्या एप्रिलपासूनचा आहे. ईएसआयचं विचारलं तर एचआरने एक नंबर लिहून दिला. ऑनलाईन बघितलं तर रजिस्ट्रेशनची तारीख अपघाताच्या तीन दिवस नंतरची आहे आणि जॉइनिंग डेट पण जवळपास तीच टाकलीये, पगार १२,५०० दाखवलाय. आता हे काय?

केस पेपर बघितला, त्यावर मशीन इन्जुरी असं लिहिलंय, कंपनीचं नाव नाही.

प्रेसशॉपवाला:
हात गेल्यावर नंबर काढायचा, जुनी सवय आहे काही लोकांची. एरवी वर्ष वर्ष भरत नाहीत, अपघात झाला की तिसऱ्या दिवशी ऑनलाईन नाव चढवतात आणि म्हणतात बघा आम्ही तर ईएसआय वाले, आमच्याकडे काय मागता. मग ६० हजार कशाचे देताय हे विचारलंत का त्यांना? ईएसआय असेल तर द्यायचं काही कारणच नाही ना. इथेच कळतं त्यांनाच धाकधूक आहे.

पंचदीप_निवृत्त:
घाबरू नका, हे नवीन नाही. दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, उशिरा नाव चढवलं म्हणून हक्क जात नाही. कायद्याने पोरगा कामावर लागला त्या दिवसापासूनच विमेदार. सुप्रीम कोर्टात भरगथ इंजिनिअरिंग विरुद्ध रंगनायकी ही केस झाली, त्यात कामगार गेल्यावर वर्गणी भरली गेली होती, तरी कोर्ट म्हणालं की तो विमेदारच होता. मालकाने वर्गणी भरली नाही तर महामंडळ कामगाराला देतं आणि मालकाकडून वसूल करतं, कलम ६८. पण त्याच निकालाची दुसरी बाजू अशी की मालकावर १९२३ च्या कायद्याखाली दावा चालत नाही. म्हणजे तुमचा रस्ता ईएसआयचाच. एकरकमी तीन लाख डोक्यातून काढा. हां, चौकशीत तिथे दहा माणसंसुद्धा नाहीत असं निघालं आणि कारखाना ईएसआयलाच लागू नाही असं ठरलं तर गोष्ट वेगळी, मग ताईंचा हिशोब परत टेबलावर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, तो १२,५०० चा आकडा. पेन्शन त्याच्यावर निघाली तर महिन्याला २,०२५ होते. १७,८०० वर २,८८०. आठशे-साडेआठशेचा फरक, तो पण जन्मभर. मालक पगार कमी दाखवतो तेव्हा त्याचे वर्गणीचे थोडे पैसे वाचतात आणि पोराचे आयुष्यभराचे जातात. म्हणून जुनी जॉइनिंग आणि खरा पगार हे दोन्ही पुराव्याने दाखवायचं. यूएएन मागच्या एप्रिलचा आहे ना, यापेक्षा भारी पुरावा नाही, कंपनीनेच भरलेला आहे. बँकेचं पासबुक. गेटपास. सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, उद्या ओटीला ये, दोन तारखेला कॅश घेऊन जा, असलं काही असेल तर सोनं आहे.

मग ईएसआयच्या शाखा कार्यालयात मॅनेजरकडे लेखी अर्ज, सोबत या सगळ्याच्या झेरॉक्स, आणि आवक शिक्का मारलेली एक प्रत आपल्याकडे. अपघाताचा रिपोर्ट मालकाने पाठवला का ते विचारा, नसेल पाठवला तर तसं अर्जात लिहा. इन्स्पेक्टर चौकशीला जातो. तो जाईल तेव्हा त्या शिफ्टचा एक तरी माणूस खरं बोलणारा पाहिजे. तोंडी बोलून घरी येऊ नका, आमच्याकडे तोंडी गोष्टीला फाईल नसते.

एचआरवाला_भोसरी:
पगार निम्मा कॅशमध्ये असेल तर पूर्ण १७,८०० सिद्ध करणं अवघड जाईल हे मात्र सांगून ठेवतो. आणि रजिस्ट्रेशन उशिरा झालं हे ऐकून मी माझा सल्ला मागे घेतो असं नाही, पण तो बाँड आता कंपनीलाच गोत्यात आणणारा कागद आहे, त्याचा एक फोटो काढून ठेवा.

तीनबोटं:
मी स्वतः घेतोय ही पेन्शन. माझं शेजारी-शेजारी दोन बोटांचं झालं, शीट मेटलमध्येच. टक्के ठरवणाऱ्या ईएसआयच्या मेडिकल बोर्डात काय होतं ते सांगतो कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन-चार डॉक्टर बसलेले असतात, गर्दी असते, एकेकाला फार वेळ देत नाहीत. बोट मोजतात, एक्सरे बघतात, मूठ आवळायला सांगतात. मला शर्टाचं बटण लावून दाखवायला लावलं. आपण काय करतो, मर्द गडी, दात ओठ खाऊन लावून दाखवतो आणि डॉक्टर लिहितो फंक्शन चांगलं. तसं करू नका. नाटकही करू नका, पण दुखतं तिथे दुखतं म्हणा, वळत नाही तिथे थांबा, थंडीत टोक बधिर होत असेल तर तेही सांगा. एक्सरेची फिल्म न्या, मोबाईलमधला फोटो बघत नाहीत. ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर ज्यात कुठल्या सांध्यापासून कापलं ते लिहिलेलं असतं तो सगळ्यात वर ठेवा, कारण एक पेर की दोन पेरं यावर टक्का फिरतो.

बोर्डाने कमी टक्के दिले तर पटलं नाही म्हणून अपील करता येतं, पण मुदत असते, कागद हातात आल्या आल्या बघा. मी केलं नाही कारण बरोबर दिले होते.

रेशनच्या मशीनला अंगठाच द्यायची सवय लावा त्याला, गेलेल्या बोटांचे ठसे आता चालणार नाहीत.

कोल्हापूरफौंड्री:
मध्येच विचारतो, माझ्या चुलत भावाच्या डोळ्यात वितळलेला रस उडाला, डोळा आहे पण दिसत नाही. आमच्या फौंड्रीत सात-आठच माणसं, ईएसआय नाही. याला पण असा रेट आहे का? आणि बँकेतून वर्षाला २० रुपये कट होतात त्या विम्याचं काही मिळतं का?

वकीलताई:
फौंड्रीवाले दादा, एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली, डोळा जागेवर आहे, दुसरा नीट आहे, तर ३० टक्के. डोळाच काढावा लागला तर ४०. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तुमचा मार्ग कर्मचारी नुकसानभरपाईचाच, वर दिलेला हिशोब वयाचा आकडा बदलून तसाच करा. २० रुपयेवाला तो पंतप्रधान सुरक्षा विमा, त्यात एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर एक लाख आहे, तो वेगळा, कंपनीच्या पैशातून वजा होत नाही. लगेच बँकेत जा. खेडतालुका दादा, तुमच्याकडे तो विमा असला तरी दोन बोटांना त्यात काही नाही, पूर्ण पंजा किंवा पाय निकामी व्हावा लागतो.

आणि कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, जुने दोन्ही कायदे त्यात गेले. हिशोबाची पद्धत साधारण तीच आहे. पण खेडतालुका दादांच्या मेव्हण्याचे, आणि फौंड्रीवाले दादा, तुमच्या भावाचा अपघात पण त्याआधीचा असेल तर त्याचेही, हक्क जुन्या कायद्यातले, त्यामुळे अर्जात तारीख ठळक लिहा.

खेडतालुका:
ताई, वकील लावावाच लागेल का? चाकणला एक जण भेटला, म्हणाला मिळेल त्याचे ३० टक्के दे, आधी काही नको.

वकीलताई:
त्याला लांबूनच नमस्कार करा. निकालाच्या रकमेत वाटा मागणं वकिलाला नियमाने चालत नाही, आणि तो वकील नसून एजंट असेल तर मग बोलायलाच नको. तुमच्या ईएसआयच्या कामाला सुरुवातीला वकील लागत नाही, पंचदीप काकांनी सांगितलेला अर्ज मेव्हण्याने स्वतः करायचा. पुढे ईएसआय कोर्टात जायची वेळ आली, किंवा कारखाना ईएसआयमध्ये येतच नाही असं निघून कमिशनरकडे जायचं ठरलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं सरळ लिहिलंय, फक्त लोकांना माहीत नसतं.

कमिशनर म्हणजे कुणी वेगळा साहेब नाही, आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच ते काम बघतात. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे अर्ज करता येतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७. ईएसआयची चौकशी रेंगाळली तर ही तारीख हातातून जाऊ देऊ नका, मधल्या काळात कारखान्यात किती माणसं आहेत त्याचा निकाल लावून घ्या.

खेडतालुका:
ओके. माणसं दहापेक्षा जास्तच आहेत, एका शिफ्टला चौदा-पंधरा असतात. मग ईएसआयच. बायकोला पण वहिनीशी बोलायला सांगितलंय, महिन्याचे पैसे येणार म्हटल्यावर ती जरा शांत झाली. हेल्परची नोकरी मात्र घ्यायची का नाही?

पंचदीप_निवृत्त:
घ्यायची. पेन्शनशी त्याचा संबंध नाही, दोन्ही चालू राहतात. फक्त कामावर हजर होताना जो फॉर्म पुढे करतील तो वाचून सही करायची, त्यात जॉइनिंग डेट आजची टाकून नवीन भरती दाखवतात, मग मागची सगळी नोकरी गायब. जुन्या तारखेपासून सलग नोकरी असं लिहून मागा, नाही म्हणाले तर हजर व्हा पण त्या फॉर्मवर सहीखाली स्वतःच्या हाताने मागच्या एप्रिलपासून कामावर आहे असं लिहा आणि फोटो काढा. सोमवारी शाखेत साडेदहाच्या आत जा, नंतर बिलं भरणाऱ्यांची गर्दी होते. आधार, पासबुक, यूएएनचं पासबुक, डिस्चार्ज पेपर, फिल्म, आणि तो न सही केलेला बाँडपेपर पण न्या.

प्रेसशॉपवाला:
आणि त्या शिफ्टच्या पोराला आज रात्रीच फोन करा.